काटा, चिठ्ठी आणि इंटरनेट

(वारणानगर येथील व्याख्यानमालेतील व्याख्यानाचा मजकूर)

वारणानगरहून वाठारमार्गे पुण्याकडे निघालं की महामार्गावर किणीचा टोलनाका लागतो. गाडी पुरती थांबायच्या आत दांडा वर जातो आणि मोबाईलवर पैसे कापल्याचा मेसेज येतो. काचेवर चिकटवलेल्या त्या पट्टीत बॅटरी नसते. नाक्यावरच्या यंत्राने सोडलेल्या रेडिओ लहरींतूनच तिला क्षणभर पुरेल एवढी शक्ती मिळते. तेवढ्यात ती आपला क्रमांक सांगते आणि गप्प होते. पुढचा हिशेब बँकांचे संगणक आपापसात मिटवतात. १५ फेब्रुवारी २०२१ च्या मध्यरात्रीपासून राष्ट्रीय महामार्गांवरच्या टोलनाक्यांवर फास्टॅग सक्तीचा झाला आणि ‘इंटरनेट ऑफ थिंग्ज’ हे नाव कधी कानावरही न आलेली माणसं एका रात्रीत त्याची रोजची गिऱ्हाइकं झाली.

हे नावही अशाच पट्ट्यांच्या नादात जन्मलं. केविन ॲश्टन हा ब्रिटिश तरुण प्रॉक्टर अँड गॅम्बल कंपनीत सौंदर्यप्रसाधनांचं काम पाहत होता. लिपस्टिकची एक ठरावीक छटा दुकानांच्या फळीवर कायम संपलेली दिसायची आणि गोदामात मात्र माल पडून असायचा. फळी रिकामी झाल्याचं वर कुणाला कळतच नव्हतं. प्रत्येक डबीला रेडिओ लहरींनी वाचता येणारी चिप लावली तर फळीच गोदामाला निरोप देईल, ही त्याची कल्पना. १९९९ मध्ये कंपनीच्या साहेबांपुढे ती मांडताना त्याने हे तीन शब्दी नाव वापरलं. इंटरनेटचा तेव्हा बोलबाला होता आणि त्या नावाने साहेबांचं लक्ष वेधलं जाईल, एवढाच हिशेब. ज्याने वारणा बाजारसारखं मोठं भांडार कधी आतून पाहिलंय, त्याला ॲश्टनची अडचण समजावून सांगावी लागत नाही.

इंटरनेट ऑफ थिंग्जवर, म्हणजे आयओटीवर, आजवर कपाटं भरतील एवढी पुस्तकं निघाली. व्यवसाय करणाऱ्याला त्यातलं कामाचं एवढंच, की वस्तूने काहीतरी मोजायचं, मोजलेलं दूर कुठेतरी कळवायचं आणि ते कळल्यावर कुणीतरी काहीतरी करायचं. यातलं मोजणं गेल्या दहा-पंधरा वर्षांत फारच स्वस्त झालं. शांघायच्या एका कंपनीने २०१४ च्या सुमारास ईएसपी ८२६६ नावाची वायफायची चिप बाजारात आणली आणि पूर्वी हजारो रुपयांत होणारं काम काहीशे रुपयांत होऊ लागलं. कळवण्याचंही तसंच. यंत्रांत घालायच्या सिमकार्डांची संख्या एवढी वाढली, की दूरसंचार खात्याने २०१८ मध्ये त्यांच्यासाठी तेरा आकडी क्रमांकांची वेगळी रांगच सुरू केली. कमी विजेवर काही किलोमीटर अंतर कापणारी लोरा ही रेडिओ पद्धत ज्या ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात चालते, तो वापरायला भारतात परवाना लागत नाही. अडतं ते शेवटच्या पायरीवर. आकडा कुणाच्या हातात पडतो, त्याला त्यावर काही करण्याचा अधिकार आहे का, आणि ते करण्यात त्याचा फायदा आहे का? या प्रश्नांचं उत्तर चिपमध्ये नसतं. ते शोधायला वारणेच्या खोऱ्यासारखी जागा महाराष्ट्रात दुसरी नाही, कारण इथे हा प्रयोग आयओटीचा गाजावाजा सुरू होण्याच्या बऱ्याच आधी होऊन गेला आहे.

तात्यासाहेब कोरे यांनी १९५० च्या दशकात इथल्या माळावर सहकारी साखर कारखान्याचा घाट घातला. त्याच्या मागोमाग दूध संघ, बाजार, शाळा-महाविद्यालयं, मुलांचा वाद्यवृंद असं सगळं उभं राहिलं. हा इतिहास इथल्या श्रोत्यांना नव्याने सांगण्याची गरज नाही. बाहेरच्या जगाला वारणेत रस वाटला तो यासाठी, की इथे आसपासची गावं, हजारो सभासद आणि त्यांचा जवळजवळ सगळा आर्थिक व्यवहार एकाच संस्थासमूहाशी जोडलेला होता. संगणकाच्या प्रयोगाला असं रान सहसा मिळत नाही.

१९९८ मध्ये वाजपेयी सरकारने माहिती तंत्रज्ञानासाठी राष्ट्रीय कृतिदल नेमलं आणि त्याच लाटेत ‘वारणा वायर्ड व्हिलेज’ प्रकल्प आला. कोल्हापूर आणि सांगली जिल्ह्यांतली वारणेकाठची सुमारे ७० गावं त्यात धरली होती. खर्च अडीच कोटींच्या घरात. त्यातला निम्मा केंद्राने राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्रामार्फत, सुमारे ४० टक्के राज्याने आणि उरलेला वारणेच्या संस्थांनी उचलला. गावोगावी केंद्रं निघाली, त्यांत संगणक, छपाईयंत्र आणि वारणानगरशी जोडणी. कागदावरची स्वप्नं मोठी होती. शेतमालाचे भाव, पिकांवरच्या रोगांची माहिती, जमिनीचे उतारे, नोकऱ्या, शिक्षण, सगळं त्या खोलीत बसून मिळणार होतं. देशभरच्या वर्तमानपत्रांतून ‘वायरींनी जोडलेलं खेडं’ झळकलं.

काही वर्षांनी बंगळूरच्या मायक्रोसॉफ्ट रिसर्चची माणसं ही केंद्रं पाहायला आली. राजेश वीरराघवन, नागा यशोधर आणि केंतारो तोयामा यांनी इथे राहून, केंद्रांत बसून, काय चालतं ते टिपलं. त्यांना जे दिसलं ते इथल्या कुणालाही नवीन वाटलं नसतं. इंटरनेटवर भाव पाहायला फारसं कुणी येत नव्हतं. उतारे मिळत नव्हते. पण केंद्रांत वर्दळ होती, आणि ती उसाच्या कामासाठी होती. लागणीची नोंद, तोडणीची चिठ्ठी, काट्यावरचं वजन, उधारीवर उचललेलं खत, बिलात किती कापलं गेलं: ज्यासाठी पूर्वी वारणानगरला खेटे घालावे लागत, ते गावात कळू लागलं होतं. अडीच कोटींच्या प्रकल्पातून शेतकऱ्याने आपल्याला हवा तेवढा भाग अचूक उचलला होता आणि बाकीचा तसाच ठेवला होता. बाहेरून येणारे अहवाल याला अपयश म्हणाले. खरं तर इतका नेमका अभिप्राय एखाद्या कंपनीला मिळवायचा असेल तर ती लाखो रुपये मोजते.

मग त्या संशोधकांनी एक धाडसी गोष्ट सुचवली, की संगणक काढून टाकावेत. केंद्रातला माणूस पाठवतो काय? काही आकडे आणि नावं. त्यासाठी विजेच्या लपंडावात बंद पडणारं, दुरुस्तीला पैसे खाणारं यंत्र कशाला? ‘वारणा अनवायर्ड’ या नावाने सात गावांत आठ महिने प्रयोग झाला. मोबाईलवरून ठरावीक सांकेतिक रूपात एसएमएस पाठवायचा. वारणानगरला संगणकाला जोडलेला एक फोन तो घ्यायचा आणि उत्तर परत पाठवायचा. काम जलद झालं, स्वस्त झालं आणि गावकऱ्यांना आवडलं. २००७ मध्ये बंगळूरच्या एका आंतरराष्ट्रीय परिषदेत हा अभ्यास मांडला गेला आणि विकासासाठी तंत्रज्ञान शिकवणाऱ्या विद्यापीठांत वारणेचं नाव पोचलं.

तोयामा पुढे अमेरिकेत प्राध्यापक झाले आणि २०१५ मध्ये ‘गीक हेरसी’ हे पुस्तक लिहिलं. तंत्रज्ञान मुळात जे आहे त्याला मोठं करतं, नसलेलं निर्माण करत नाही, असा त्यांचा त्यात युक्तिवाद आहे. वारणेत मुळात होता तो काटा-चिठ्ठी-बिलाचा पक्का व्यवहार. संगणकाने तोच मोठा केला. उताऱ्यांचा व्यवहार तलाठ्याच्या दप्तरात होता. तिथे वारणेच्या वायरी पोचल्याच नव्हत्या, मग मोठं काय होणार?

आज वारणाकाठी जी माणसं आयओटी विकायला येतात, त्यांना ही गोष्ट विचारली तर बहुतेकांना ठाऊक नसते. ती ठाऊक असती तर त्यांनी सेन्सर दाखवण्याआधी चिठ्ठी मागितली असती.

दुधाचंच पाहा. कोल्हापूर जिल्ह्यात पहाटे किंवा संध्याकाळी कुठल्याही गावच्या दूध संस्थेत उभं राहिलं, की आयओटीची गावठी आवृत्ती चालू दिसते. किटली काट्यावर जाते, नमुना यंत्रात जातो, पडद्यावर लिटर, फॅट, एसएनएफ (फॅट वगळून घन पदार्थ) आणि दर उमटतो, पावती छापून येते, आणि अलीकडे फोनवर मेसेजही येतो. पूर्वी हेच काम गर्बर पद्धतीने व्हायचं. नळीत दूध आणि गंधकाम्ल घालून ती फिरवायची आणि वर आलेल्या तुपाचा थर वाचायचा. वाचणारा टेस्टर, लिहिणारा सचिव. ‘आज फॅट लागली नाही’ या चार शब्दांपुढे दूध घालणाऱ्या बाईला काही बोलता येत नसे. यंत्र आलं तेव्हा पडद्याचं तोंड दोन्ही बाजूंना केलेलं असणं ही त्यातली खरी क्रांती. तो आकडा सचिवाला ज्या क्षणी दिसतो, त्याच क्षणी समोरच्यालाही दिसतो.

तरी यंत्र आलं म्हणून प्रश्न मिटत नाही, तो बारीक होतो. काटा शंभर ग्रॅमच्या टप्प्याने वजन दाखवत असेल आणि वरचे ग्रॅम सोडून देत असेल, तर ५ किलो ९० ग्रॅम दूध ५ किलोच दिसतं. एका वेळी जास्तीत जास्त नव्याण्णव, सरासरीने पन्नासेक ग्रॅमची घट. दोन वेळच्या दुधावर वर्षाला ती छत्तीस किलोंच्या आसपास जाते. एका म्हशीच्या मालकाचं हे काही दिवसांचं दूध झालं. कुणी चोरी केलेली नसते, यंत्र इमानदारीत आपलं काम करत असतं, फक्त त्याचा टप्पा कुणीतरी ठरवलेला असतो. दहा ग्रॅमचा टप्पा ठेवला की तीच घट दहाव्या हिश्शावर येते. सेन्सरवाल्याच्या माहितीपुस्तकात ही ओळ बारीक अक्षरांत असते आणि संस्थेच्या सर्वसाधारण सभेत तिच्यावर चर्चा होत नाही. ती व्हायला हवी.

गावातून पुढे दूध बल्क कूलरमध्ये जातं. धारेचं दूध ३७ अंशांच्या आसपास असतं. ते लवकरात लवकर ४ अंशांवर आणलं नाही तर जिवाणू वाढतात, दूध आंबटतं आणि पूर्ण टाकीच परत येते. टाकीचं तापमान, कॉम्प्रेसर चालू आहे की बंद, लाईट गेल्यावर जनरेटर सुरू झाला का, इतक्या बाबी दर काही मिनिटांनी संघाच्या कचेरीत दिसत असतील तर टँकर कुठे आधी पाठवायचा हे ठरवता येतं. बंगळूरच्या स्टेलॅप्स कंपनीने २०११ पासून याच कामावर धंदा उभारला. गायीच्या पायाला बांधायची, तिची हालचाल मोजून माज ओळखणारी पट्टीही त्यांनी काढली. ती पट्टी मोठ्या गोठ्यांना परवडते. दारात दोन म्हशी असणाऱ्या घरात सासूबाईंची नजर त्या कामाला पुरते. कूलरचं मात्र तसं नाही. रात्री अकराला टाकीपाशी कुणी बसलेलं नसतं.

रात्र म्हटली की शेतीपंप. महाराष्ट्रात शेतीला थ्री फेज वीज वर्षानुवर्षं आळीपाळीने दिवसा आणि रात्री मिळत आली. रात्रीच्या पाळीत बॅटरी घेऊन ओढ्याकाठच्या मोटरीकडे जायचं, साप-विंचू चुकवायचे, जाऊन पाहावं तर लाईट गेलेली. पुण्याचे अभियंते संतोष ओस्तवाल यांनी आपल्या आजोबांची पंपासाठी होणारी ही पायपीट पाहिली होती. त्यातून त्यांनी ‘नॅनो गणेश’ हे यंत्र घडवलं. स्टार्टरला मोबाईल जोडायचा, घरून फोन लावायचा, बटण दाबून पंप चालू किंवा बंद करायचा. वीज आहे का, पाणी येतंय का, हेही कळायचं, आणि केबल चोरायला कुणी हात घातला तर फोन वाजायचा. २००९ मध्ये नोकियाच्या जागतिक स्पर्धेत त्याला बक्षीस मिळालं. इथे वायफाय नाही, ॲप नाही, क्लाऊड नाही. साधा फोन आणि त्याच्या बटणांचे सूर. तरीही मोजणं, कळवणं आणि करणं हे तिन्ही एकाच माणसाच्या हातात आहे: ज्याची मोटर त्यालाच कळतं आणि तोच बटण दाबतो. व्यवसायात टिकलेली आयओटीची उदाहरणं तपासली तर त्यातली बरीचशी याच साच्यातली निघतात.

याच यंत्राचा स्वस्त भाऊ म्हणजे ऑटो स्टार्टर. लाईट आली की आपोआप मोटर सुरू. न कळवता, न विचारता. परिणाम असा, की लाईट आल्याबरोबर एका डीपीवरच्या (ट्रान्सफॉर्मरवरच्या) सगळ्या मोटरी एकदम उठतात आणि डीपी जळतो. मग नवा डीपी येईपर्यंत सगळेच बिनपाण्याचे. ऑटो स्विच काढा आणि कपॅसिटर बसवा, असं महावितरण सांगून थकलं. एकेकट्याने केलेली हुशारी एकत्र आली की काय होतं, याचं इतकं बोलकं उदाहरण अभियांत्रिकीच्या पुस्तकातही सापडायचं नाही. मोटरींना एकमेकींचं काही कळत असतं आणि त्या मिनिटा-दोन मिनिटांच्या अंतराने सुरू झाल्या असत्या, तर तोच डीपी टिकला असता. हे काम तांत्रिकदृष्ट्या सोपं आहे. अडचण अशी, की डीपी महावितरणचा, मोटर शेतकऱ्याची, आणि या दोघांच्या मध्ये खर्च करायला कुणी तयार नाही.

शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फाउंड्र्यांत हाच प्रश्न रुपयांत दिसतो. भट्टीत लोखंड वितळवायला लागणारी वीज हा तिथला मोठा खर्च. कमाल मागणी ठरावीक मिनिटांच्या टप्प्यांनी मोजली जाते. दोन भट्ट्या एकाच टप्प्यात पूर्ण जोरात चालल्या तर त्या महिन्याच्या बिलात तेवढ्या एका टप्प्याचा भुर्दंड बसतो. मीटरला जोडलेला छोटा पडदा भट्टीवाल्याच्या समोर टांगला आणि मर्यादा जवळ आली की लाल दिवा लागला, तर तो दुसरी भट्टी थोडी थांबवतो. तोच आकडा फक्त मालकाच्या केबिनमध्ये दिसत असेल तर महिन्याअखेरी भांडण होतं.

मोठ्या कंपन्यांनी या तंत्राने धंद्याची रीतच बदलली. पुण्याच्या थर्मॅक्सने बॉयलर दूरवरून पाहण्याची सोय केली, आणि तिचीच एक शाखा कारखान्यांना बॉयलर विकण्याऐवजी वाफ विकते. बॉयलर कंपनीचा, इंधन कंपनीचं, गिऱ्हाइकाने वापरलेल्या वाफेचे पैसे द्यायचे. विमानाचं इंजिन तासाच्या भाड्याने देण्याची पद्धत इंग्लंडात १९६२ मध्येच सुरू झाली होती. दूरवरून मोजता येऊ लागल्यावर ती बॉयलर, पंप, कॉम्प्रेसर यांच्यापर्यंत उतरली. किर्लोस्कर ब्रदर्सचे पंप आपली थरथर आणि तापमान कळवतात, महिंद्रने २०१६ मध्ये ट्रक-ट्रॅक्टर दूरवरून पाहण्यासाठी डिजिसेन्स आणलं. छोट्या कारखानदाराला यात फायदा आहे. त्याने फक्त करारात एवढं पाहावं, की वाफ कमी पडली तर मोजणारं यंत्र कुणाचं मानायचं.

आता उसाकडे. साखर कारखान्याइतकं मोजमाप दुसऱ्या कुठल्या ग्रामीण धंद्यात नाही, आणि मोजमापावरून इतका अविश्वासही दुसरीकडे नाही. तोडलेला ऊस चोवीस तासांच्या आत गाळला नाही तर त्यातली साखर उतरू लागते, वजनही घटतं. म्हणून तोडणीची चिठ्ठी, चिटबॉय, ट्रॅक्टर-ट्रॉलीची रांग आणि गव्हाणीवरचा वेग यांचं गणित तासागणिक बसवावं लागतं. वाहनावर जीपीएस बसवून रांग किती लांब आहे ते शेतात बसलेल्या मुकादमाला कळवलं तर अड्ड्यावर बैल आणि माणसं ताटकळत नाहीत. हा भाग सोपा आणि फायद्याचा, म्हणून बऱ्याच कारखान्यांनी तो केला.

अवघड आहे तो काटा. २०२५-२६ च्या हंगामासाठी केंद्राने १०.२५ टक्के साखर उताऱ्याला टनामागे ३,५५० रुपये एफआरपी (उसाचा रास्त दर) ठरवली. वीस टनांच्या खेपेत दोनशे किलो इकडचे तिकडे झाले तर ७१० रुपये गेले, म्हणजे दर शंभर खेपांमागे एकाहत्तर हजार. काटामारीचा आरोप खरा किती आणि वहीम किती, हे प्रत्येक कारखान्यागणिक वेगळं असेल. पण तो मिटवण्याचं साधन आज हाताशी आहे. काट्याखालचे लोड सेल वजनाचा विद्युत संदेश देतात. तो संदेश संगणकात जातो आणि मग चिठ्ठीवर छापला जातो. मधल्या संगणकात काय होतं ते शेतकऱ्याला दिसत नाही, वहीम तिथेच जन्मतो. काट्याचा आकडा ज्या सेकंदाला स्थिर होतो त्याच सेकंदाला, कारखान्याच्या संगणकात शिरण्याआधी, तो सभासदाच्या फोनवर आणि वजनमापे खात्याकडे गेला तर? वारणेतला एसएमएसचा जुना प्रयोग याच्यापासून फार लांब नव्हता. काटा डिजिटल करणं ही अर्धीच गोष्ट. डिजिटल काट्यालाही मालक असतो.

हे जमत नाही असं म्हणणाऱ्यांना कारखान्याच्याच आवारातलं एक उत्तर दाखवता येईल. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने फेब्रुवारी २०१४ मध्ये सतरा प्रकारच्या अतिप्रदूषक उद्योगांना, त्यात साखर कारखाने आणि डिस्टिलऱ्याही आल्या, सांडपाणी आणि धूर सतत मोजणारी यंत्रं बसवायला आणि त्यांचे आकडे थेट मंडळाच्या संगणकाकडे पाठवायला सांगितलं. म्हणजे कारखान्याच्या परवानगीशिवाय बाहेरच्या कचेरीत आकडा जाण्याची वाट आधीच घातलेली आहे. ज्या कारखान्याच्या धुराड्याचा आकडा थेट सरकारकडे जातो, त्याच्या काट्याचा आकडा सभासदाकडे थेट जाऊ शकत नाही असं कुठलंही तांत्रिक कारण नाही. त्या प्रदूषणाच्या आकड्यांचं पुढे काय होतं, हा वेगळा आणि अप्रिय विषय. पंचगंगेकाठी राहणाऱ्यांना तो समजावून सांगायला नको.

उसाच्या फडातही सेन्सर शिरले आहेत. बारामतीच्या ॲग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टने मायक्रोसॉफ्ट आणि ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या मदतीने जानेवारी २०२४ मध्ये कृत्रिम बुद्धिमत्तेवरचा ऊस प्रयोग लोकांसमोर मांडला. मातीतले सेन्सर, हवामान केंद्र आणि उपग्रहाची चित्रं एकत्र करून शेतकऱ्याला पाणी कधी, खत किती, ते मराठीत कळवायचं. २०२५ च्या सुरुवातीला मायक्रोसॉफ्टचे प्रमुख सत्या नाडेला यांनी त्यावर लिहिलं आणि बारामतीचा ऊस जगभर फिरला. वारणेकाठच्या शेतकऱ्याने तो जाऊन जरूर पाहावा. पाहताना एक स्थानिक शंका मात्र बरोबर न्यावी. इथे पाणी उपसा योजनांचं, पाळीने मिळणारं. मातीतला सेन्सर ‘आज पाणी द्या’ म्हणाला आणि पाळी आठ दिवसांनी असली तर त्या सल्ल्याचं करायचं काय? सेन्सर शेतकऱ्याच्या वावराऐवजी योजनेच्या चेंबरवर बसला, आणि पाळीच त्यावरून ठरली, तर मात्र चित्र पालटतं. तसं करायला पाणीपुरवठा संस्थेच्या संचालकांना पाळी वाटण्याचा हक्क थोडा सोडावा लागेल. इतका अवघड सेन्सर अजून बाजारात आलेला नाही.

धोक्यांबद्दल थोडक्यात, पण ठाम. ऑक्टोबर २०१६ मध्ये ‘मिराई’ नावाच्या व्हायरसने जगभरचे कॅमेरे आणि रेकॉर्डर ताब्यात घेऊन अमेरिकेतल्या एका कंपनीवर एकाच वेळी हल्ला चढवला आणि ट्विटर, नेटफ्लिक्ससारख्या सेवा तासन्तास बंद पडल्या. कॅमेरे फोडायला काही अकलेची गरज लागली नव्हती. कारखान्यातून आलेले पासवर्ड कुणी बदललेच नव्हते. कुठल्याही गावातल्या संस्थेच्या भिंतीवरचा कॅमेरा आजही बहुधा त्याच पासवर्डवर चालू असेल. दुसरा प्रसंग त्याच वर्षीचा. रिव्हॉल्व्ह नावाचं, घरातली उपकरणं जोडणारं सुमारे ३०० डॉलरचं यंत्र बनवणारी कंपनी गुगलच्या नेस्टने विकत घेतली होती. मे २०१६ मध्ये नेस्टने मागचा सर्व्हर बंद केला आणि लोकांच्या घरातली यंत्रं निव्वळ डबे झाली. विकत घेतलेली वस्तू आपली, तिचा मेंदू मात्र दुसऱ्याचा. महाराष्ट्रात स्मार्ट मीटरवरून जे वादळ उठलं, जून २०२४ मध्ये सामान्य ग्राहकांना प्रीपेड स्मार्ट मीटर लावणार नाही असं सरकारला जाहीर करावं लागलं, आणि तरीही वाद मिटला नाही, त्याच्या मुळाशी दराइतकीच हीसुद्धा भीती होती. आकडा कंपनीकडे आधी जाणार, आपल्याकडे नंतर.

म्हणून दूध संघ, पाणी संस्था किंवा फाउंड्री, कुणीही हे घेताना करारात काही गोष्टी लिहून घ्याव्यात. गोळा झालेला सगळा तपशील संस्थेच्या मालकीचा, आणि तो कधीही, साध्या तक्त्याच्या रूपात, फुकट परत मिळेल. पुरवठादार बदलला तर जुनी यंत्रं नव्या सर्व्हरशी जोडता येतील. इंटरनेट गेलं तरी काटा आणि पंप जागेवर चालतील. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा २०२३ मध्ये झाला, पण तो व्यक्तीच्या माहितीपुरता. संस्थेच्या टाकीचं तापमान आणि कारखान्याच्या काट्याचा आकडा कुणाचा, हे कराराच्या कागदावरच ठरतं.

वारणेत १९८३ पासून अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. दरवर्षी शेवटच्या वर्षाचे प्रकल्प होतात आणि त्यात आजकाल आयओटी असतंच. कुंडीतल्या झाडाला पाणी देणारं यंत्र तर घरटी एक. त्यातल्या चार मुलांना एका दूध संस्थेत एका हंगामासाठी बसवावं. पहिला महिना त्यांनी काहीच बसवू नये. सचिव एकच आकडा किती वह्यांत लिहितो, टँकरवाला कुणाला फोन करतो, दूध परत आलं तर नुकसान कुणाच्या नावे पडतं, एवढं पाहावं. मग हवं तर सेन्सर घ्यावेत. आणि सुरुवात पावसाळ्यात करावी, कारण लाईट आणि रेंज या दोन्ही गोष्टी इथे तेव्हाच हमखास जातात.